घट

माळ्यावर माझे अकरा कॉम्प्युटर आहेत.
चालू स्थितीत तीन. चौथा
चालू होतो, पण मूड असेल तेव्हा,
आणि थंडीत अजिबात नाही.

बायको म्हणते, अकरा म्हशी असत्या
तर डेअरीला दूध तरी गेलं असतं.
मी म्हणतो, म्हशीला रॅम वाढवता येत नाही.
हा विनोद मी दर दिवाळीला करतो.

दिवसा पतसंस्थेत दुसऱ्यांचे आकडे जुळवायचे.
रात्री, खाली मालिकेतली सून
तीन बाजूंनी एकाच जिन्यावरून पडत असताना,
वर सोल्डरिंग गन तापवत बसायचं.
पलीकडच्या शेडमध्ये माग चालू असतात,
एक-शून्य, एक-शून्य, एक-शून्य,
विट्याचं सगळं कापड याच दोन आकड्यांत विणलेलं असणार.
आणि रोझिनचा तो धूर.
उदबत्तीपेक्षा मला तोच आवडतो,
हे आईला अजून सांगितलेलं नाही.

नव्या फोनवर माझा राग नाही.
त्याला स्क्रू नाही, एवढंच.
ज्याला स्क्रू नाही ते आपलं नाही,
ते भाड्यानं राहतंय आपल्या खिशात.

रेवा सिनेमा दीडपट वेगानं बघते.
नायक मरतो, तोही घाईघाईत.
आम्ही रात्रभरासाठी व्हीसीआर आणायचो,
दीडशे रुपयांत तीन सिनेमे, गल्लीभर वर्गणी.
पडद्यावर मुंग्या आल्या की इक्बाल मुल्ला
कोरी दोनची नोट हेडवरून फिरवायचा
आणि नायिकेला चेहरा परत यायचा.
तिसरा सिनेमा कधीच कुणी पूर्ण पाहिला नाही.
पहाटे चारला तो फक्त मला आणि
झोपलेल्या पंधरा जणांना दिसत असे.

दसऱ्याला, पालखीच्या शर्यतीसाठी,
धोंडीराम दाजी कोइमतूरहून आले.
तीस वर्षं गलाईचं दुकान, बोटं तेजाबानं पिवळी.
माळ्यावर चढले, एक कार्ड उचललं,
पिनांवरून अंगठा फिरवला
जसा डॉक्टर पोटावरून फिरवतो.
"यात सोनं हाय रं."
माहीत आहे, म्हटलं.
"सगळी डबडी मिळून गरामभर निघंल. घट जाऊन."
घट म्हणजे?
"जळून जातं ती. जे सोनं नव्हतं ते."

मग मी मनातल्या मनात घट मोजत बसलो.
तिसऱ्या कॉम्प्युटरवर विमानांचा एक गेम आहे,
आकड्यांच्या यादीत सगळ्यात वर
अजून इक्बालची तीन अक्षरं.
एकोणीस वर्षं मी दोनशे चाळीस गुणांनी मागे.
तो आकडा कुठल्या फाइलीत राहतो, मला ठाऊक आहे.
खोडायला अर्धं मिनिट पुरेल.
नाही खोडत.
इक्बाल आता पुण्यात फरशा विकतो.
फोनवर विचारलं तर म्हणाला, कुठला गेम?

हे वजनात किती भरेल, दाजी?
विचारलं नाही. चहा झाला, शर्यत झाली,
शर्यतीत कोण हरलं यावर भांडणंही झाली.
निघताना सातव्या मशीनचं मेलेलं कार्ड
त्यांच्या पिशवीत टाकलं, फराळाच्या डब्याखाली.
सातव्यात तसंही काही उरलेलं नव्हतं.
असं मला वाटतं.

पंधरा दिवसांनी फोटो आला.
तळहात, रेषा, रेषांत राख,
आणि मधोमध एक ठिपका,
ज्वारीच्या दाण्याहून लहान.
मी झूम केला. आणखी केला.
शेवटी नुसते चौकोन राहिले,
त्यांतला सोन्याचा कुठला आणि
दाजींच्या कातडीचा कुठला, ते कळेना.

घट किती आली, असं लिहिलं.
त्यांनी आवाज पाठवला, टाइप करायचा कंटाळा.
"तुझ्यात सगळी घटच हाय की लेका,"
आणि हसले, खोकले.
मागं भट्टीचा पंखा फिरत होता,
थोडा अडखळत, थोडा घरघरत,
हुबेहूब माझ्या चौथ्यासारखा,
त्याचा मूड असतो तेव्हा.