टिक

मिरजेच्या दवाखान्यात, जिन्याखालच्या खोलीत माझं टेबल.
जुने केसपेपर कॉम्प्युटरवर चढवायचे,
नवे येतील ते थेट भरायचे.
नाव, वय, आधार, मोबाइल, आजार.
पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेला,
खोतसाहेबांच्या अक्षरात,
कारण खोतसाहेब विसरतात.

लक्ष्मी मार्केटात वांगी निवडताना
शेजारच्या बाईची साखर किती
हे मला तिच्या नवऱ्याआधी ठाऊक असतं.
मी वांगीच बघते.
एवढं इमान पुरेसं आहे
असं मला तीन वर्षं वाटत होतं.

इसाकभाई आले तेव्हा उजवा हात खिशात होता.
डाव्या हातानं डॉक्टरांचा कागद पुढं केला.
बोटांच्या पेरांत लाखेचा तांबूस रंग,
कुठल्या गल्लीतले ते विचारावं लागलं नाही.
कागदावर आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव.
मी टाइप करत होते,
ते माझ्या बोटांकडं बघत होते.

"हे कोन वाचनार, बाई?"
डॉक्टर, म्हटलं. मी.
आणि सर्व्हर.
"ते कुटं ऱ्हातंय?"
मला माहीत नव्हतं.

"आमच्यात भोपळा आतनं कोरला
की वर तबली चिकटवत्यात.
मग आत काय गाठ हाय, काय चीर हाय,
ते कारागिराला म्हाईत आन् भोपळ्याला.
भाईर निस्ता आवाज येतो."
मग हसले, आणि हसताना
खिशातला हात एकदा हलला,
कापडाच्या आत चिमणी असल्यासारखा.

मागं रांग दारापर्यंत.
फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरं, बारा ओळी,
आणि एक चौकट: मला मान्य आहे.
मी टिक केलं.
सगळ्यांचं मीच करते.
पहिल्या दिवशी कुणीतरी सांगितलं होतं,
नाहीतर संध्याकाळ होते.

वीस-बावीस दिवसांनी ते परत आले,
या वेळी हात बाहेर. लपवायचं काही उरलं नव्हतं.
दुकानात धारवाडचं गिऱ्हाईक बसलेलं,
तानपुऱ्यांची जोडी, इसार दिलेला.
हातात सरस होता म्हणून
पोरानं फोन स्पीकरवर टाकला.
गोड आवाजाची कुणी मुलगी:
"सर, हात थरथरण्यावर आमची नवीन गोळी..."
घोडीवर जवारी काढायचं काम.
कानस केसभर जास्त लागली
तर सूर फाटतो, हे गिऱ्हाइकालाही कळतं.
बघू म्हणाला, आणि चप्पल घातली.

आवाज चढवला नाही इसाकभाईंनी.
एवढंच विचारलं, "तिला कुनी सांगितलं?"
मी बारा ओळी पहिल्यांदा वाचल्या.
सातव्या ओळीत होतं.
संबंधित संस्थांना, असं लिहिलं होतं.

"काडून टाकता येतंय?"
मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली.
जतन करा. बदला. पाठवा.
पुसा कुठं नव्हतं.
त्यांनी खुर्ची सरकवली, माझा चहा निवत होता
तो माझ्याकडं ढकलला, आणि गेले.

कीबोर्डखालचा कागद मी फाडला.
खोतसाहेब दोन दिवस बोलले नाहीत,
तिसऱ्या दिवशी नवा चिकटवला.
तोही फाडला.

आता मी वाचून दाखवते. बाराच्या बारा ओळी.
रांग रस्त्यावर जाते, रिक्षावाले हॉर्न मारतात,
माणसं म्हणतात, बाई, मारा की टिक,
आमचं काय सोनं हाय त्यात?
बहुतेकांचं मारते.

काल बेडगची एक म्हातारी, अनसाबाई,
स्टुलावर मांडी घालून बसली.
सगळं ऐकलं. सातवी ओळ परत वाचायला लावली.
मग म्हणाली, "नगं."
मी चौकट मोकळी ठेवून पुढचं बटण दाबलं.
लाल अक्षरं आली:
ही चौकट भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

म्हातारी वाट बघत होती. रांगही.
मी उठले, रद्दीच्या गठ्ठ्यातून
एक कोरा केसपेपर काढला,
आणि पेन चालतंय का ते
आधी तळहातावर ओढून बघितलं.