चंदनाचा हार

दोनशे अकराव्या भागात मला मारलं.
तसं कारण काही नव्हतं.
धाकट्या सुनेला रडायला विषय हवा होता
आणि दिवाळीपासून माझा दिवसाचा दर वाढणार होता.
हृदयविकार. जिन्यावर. एका टेकमध्ये.
दिग्दर्शक म्हणाला, काका, कडक!
मेकअप उतरायच्या आत
आर्टवाल्या पोराने माझा फोटो नेला
फ्रेम करायला.

वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात
शेवंती तांडेलने मान वर केली :
"अरे, तू मेलंस मां बेस्तरवारी?"
म्हटलं, मेलंय. बांगडे खातंय अजून.
ती हसली नाही. वाट्यावर दोन जास्तीचे टाकले,
नोट घेतली, पण कपाळाला लावली नाही.
मेलेल्याच्या हातची भवानी कोण करतं?

बावीस वर्षं.
सात वेळा मुलीचा बाप, मांडवात हात जोडलेला,
पाच वेळा डॉक्टर : "चोवीस तास काही सांगता येत नाही."
नाटकात तिसऱ्या अंकात उगवणारा मामा,
बसमध्ये मागच्या चाकावरची सीट,
चिपळूण, कणकवली, नाईटचं पाकीट
कधी त्याच रात्री, कधी पुढच्या महिन्यात.

आता रोज साडेआठला वैजू टीव्ही लावते.
भिंतीवर मी. चंदनाचा हार.
सून माझ्यापुढे उभी राहून नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगते.
जिवंतपणी इतके क्लोजअप मिळाले नव्हते.
प्रॉडक्शनला फोन केला :
फोटोचं मानधन नसतं, काका.

मग बाबल मेस्त्रीचा फोन.
"आमचो राजा तापान पडलो. येतंस?"
एकोणिसाव्या वर्षी सोडलेली त्याची कंपनी.
देवळामागे पेटाऱ्यावर बसून,
हातातल्या आरशात, माझा मीच रंगलो.
संहिता नाही. बाबल विडी विझवत म्हणाला,
युद्ध होतला, तू मरतलंस, मधला तू बघ.

बाकडं हेच सिंहासन.
पखवाज लागला, आणि तोंडातून काय काय आलं
कुणास ठाऊक. मामाचं, बापाचं, डॉक्टरचंही थोडं.
समोरच्या पोराची लाकडी तलवार लागली
तरी मी पडेना.
पेटीवाला डोळे वटारतोय,
पोर पुन्हा मारतंय, मी पुन्हा बोलतोय,
कट म्हणणारं कोणी नाही.
पुढच्या चटईवरून, खाज्याचा पुडा मांडीत घेऊन,
शेवंती ओरडली :
"आता तरी मर रे मेल्या, उजाडला!"

देऊळ हसलं.
मी सावकाश मेलो,
आधी गुडघे, मग हात, मुकुट शेवटी.

सारवलेल्या जमिनीवर पडलेलो असताना
पोटरीवर डास बसला.
चांगला पोटभर प्यायला.
मी पाय हलवला नाही.