कर्णिकेच्या अलीकडे

डॉन आलादिनो कात्रिलेओ, वय एकाहत्तर,
तोंडावर हिरवं कापड, मान डावीकडे वळवलेली.
कापडाखालून विचारतात, "कुठवर आली?"
जणू मचव्याची चौकशी.

चाळीस वर्षं त्यांनी वाल्दिविया नदीतून
परक्या जहाजांना वाट दाखवली,
पार कोर्रालच्या खाडीपर्यंत.
वाळूचे दांडे त्यांना नावानिशी पाठ.
आता त्यांच्याच गळ्यातून एक नळी निघाली आहे
काळजाकडे,
आणि वाटाड्या आहे डॉक्टर ओयार्सून,
जिची ही अकरावी खेप.

मी शेजारी. आकडे म्हणायचं काम माझं.
बारा. तेरा.
नळीवर सेंटिमीटरच्या काळ्या रेघा,
शिंप्याच्या टेपवर असतात तशा.
चौदा.

उथळ राहिली
तर टोक शिरेच्या भिंतीला खेटतं,
भिंत सोलवटते, रक्त तिथेच थिजतं,
औषध पुढे जायचं नाव घेत नाही.
खोल गेली तर.

खोल गेली तर काय, ते मी पाहिलंय.
सहा हिवाळ्यांपूर्वी, खाट नंबर सात.
एक्स-रे काढला रात्री अकराला,
कुणी पाहिला सकाळी सहाला.
टोक दोन बोटं जास्त आत,
कर्णिकेच्या मऊ भिंतीला
दर ठोक्याला टोचणारं.
काळजाभोवतीची पिशवी भरत गेली.
बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.
बाई फक्त म्हणत होत्या,
उशी जरा उंच कर गं.
मी केली.
दोनदा केली.

पंधरा.
मॉनिटरवर ठोक्याआधीची ती लहान लाट,
मघाशी मोहरीएवढी,
आता मान वर काढते.
सोळा. उंच. अजून उंच.
पूर्ण खोलीत कुणी बोलत नाही,
खाली मासळीबाजारात समुद्रसिंह भुंकतात
फुकटच्या डोक्या-शेपट्यांसाठी.
साडेसोळा.
लाट चढण्याआधी एक खड्डा पडतो,
टीचभरही नाही, पण पडतो.
"थांब," मी म्हणते.
एरवी मी डॉक्टरला अरे-तुरे करत नाही.
ती थांबते. मागे घेते.
नखभर. आणखी नखभर.
खड्डा बुजतो. लाट पुन्हा सबंध.
"इथेच," ती म्हणते, आणि टाका घालते.
तिच्या कपाळावरचा घाम मी पुसते,
न मागता.

"कुठवर?"
दारापर्यंत, डॉन आलादिनो. आत नाही.
"मग बरोबर आहे," कापड बोलतं.
"नदीनं ओढणं थांबवलंय
आणि समुद्रानं ढकलणं सुरू केलेलं नाही,
एवढाच एक पट्टा असतो.
जहाज तिथे उभं करायचं.
पण पोरी, तो पट्टा रोज हलतो."

फिल्म आली.
श्वासनळीला जिथे दोन फाटे फुटतात
त्याच्या खाली दोन बोटांवर पांढरं टोक,
शिरेच्या सरळ रेषेत, कुठे न खेटलेलं.
ओयार्सूननं सही केली, वेळ लिहिली: चार वाजून दहा.
पण ही फिल्म झोपलेल्या माणसाची.
तो उठून बसेल,
काळीज खाली उतरेल, टोक मागे राहील.
दीर्घ श्वास घेईल, खोकेल,
बायकोला बघून हसेल.
कागदावर ठिपका असतो,
माणसात भरती-ओहोटी.

पहाटे, धुकं अजून नदीवरून उठलेलं नाही,
ते म्हणतात,
"एदुविना, उशी जरा उंच कर."

माझे हात जागेवरच राहतात.
आधी मॉनिटर बघते.
मग रक्तदाब. मग मानेच्या शिरा, फुगल्यात का.
मग फिल्म, पुन्हा उजेडावर धरून,
जी मला पाठ आहे.
ते वाट बघतात. त्यांना सवय आहे,
पाणी चढेपर्यंत थांबायची.

मग करते.
एकदाच.
आणि खाटेजवळून हलत नाही.