पोस्टकार्डाएवढी फट

ध्रुमिल,
सोमवारी माझा डावा डोळा, पंधरवड्याने उजवा.
महिनाभर वाकायचं नाही म्हणालेत,
आणि ही आगगाडी तर वाकल्याशिवाय चालत नाही.
म्हणून अगाशीच्या खोलीची किल्ली तुझ्याकडे.

आधी धूळ.
रावपुऱ्यातली धूळ खिडकी लावली तरी येते,
तिला आमचा पत्ता पाठ आहे.
व्हॅक्यूमच्या तोंडावर माझा नायलॉनचा जुना मोजा बांध,
दुहेरी.
एकदा मी एकेरी बांधला
आणि प्रतापनगरचा गार्ड पोटात गेला, झेंडीसकट.
वर्तमानपत्रावर पिशवी उलटी करून
संध्याकाळभर कचरा निवडला, तांदूळ निवडावेत तसा.
गार्ड सापडला. झेंडी नाही.
तेव्हापासून तो नुसता हात वर करून उभा असतो,
तरी गाडी सुटते.

रूळ खोडरबराने पुसायचे, शाळेतल्या मऊ.
शाईचा खरखरीत नको.
सँडपेपर तर कधीच नाही.
कॅनडाहून हेरंब फोनवर सांगेल,
घासा जरा, चकाकू दे.
हो म्हणायचं आणि फोन ठेवायचा.
घासलं की चरे पडतात, चऱ्यांत मळ घर करतो.
बत्तीस वर्षं मी लोकांच्या कवळ्या केल्या,
एवढं मला कळतं.

हत्यारं सगळी दवाखान्यातलीच.
वाकडी आकडी सांध्याच्या खाचेसाठी,
हलक्या हाताने, जणू समोरचा आत्ता ओरडेल.
छोटा आरसा पुलाखाली बघायला.
नाक मुरडू नकोस, उकळून घेतलाय.
तेल शिलाई मशीनचं, इन्सुलिनच्या सुईने, एकच थेंब.
दुसरा थेंब इंजिनाला नाही, धुळीला जातो.
बोगद्यात डबा घसरला तर छप्पर उचकटू नकोस;
कोपऱ्यात फाटक्या पतंगाची कमान आहे,
टोकाला चिकटपट्टी लाव आणि वाट बघत बघत ओढ.

चाकं अशी:
स्पिरिटमध्ये भिजवलेली मलमल रुळांवर आडवी टाक,
इंजिन अर्धं तिच्यावर, अर्धं कोरड्यात,
आणि हाताने धरून ठेव.
जागच्या जागी धावेल. धावू दे.
मलमलीवर दोन काळ्या रेघा उमटतील.
कापड सरकव. पुन्हा दोन.
रेघा यायच्या थांबल्या की सोड.
(मला हे काम सगळ्यात आवडतं.
कुणाला सांगितलेलं नाही.)

आता उन्हाळा.
पत्रा तापतो, रूळ लांबतात,
डभोईच्या वळणावर गेल्या मे महिन्यात
रूळ मांजरासारखा पाठ काढून उठला होता.
सांध्यांत फट हवी.
किती, ते मापायला ड्रॉवरमध्ये एक पोस्टकार्ड आहे.
फटीत घालून बघ: सुळकन गेलं तर फार,
अडकलं तर कमी,
बोटाला जरासं कुरकुरलं पाहिजे.
कार्ड हेरंबचं आहे, तिकडे गेला त्याच्या आदल्या आठवड्यातलं,
मुंबईहून टाकलेलं.
वाचलंस तरी चालेल. त्यात फक्त हवामान आहे.
कडा झिजल्यात, म्हणून डावी बाजू वापर.

सिग्नल तूच बघ.
मला वर्षभर तो एकच फुगलेला दिवा दिसतो,
लाल की हिरवा ते मी गाडीच्या आवाजावरून ठरवते.

पगार म्हणून शनिवारी सेव-उसळ,
दुकानात माझं नाव सांग. तर्री बेताने.

आणि हो, गार्ड.
लीलो चिवड्याच्या रिकाम्या डब्यात
उत्तरायणातला पतंगाचा कागद आहे.
मी टाचणीला झेंडी चिकटवली होती, हिरवी म्हणून.
तू दारातूनच म्हणालास, मासी, आ तो भूरो छे.
मी काढून टाकली.
तुला जमली तर कर.
नाहीतर राहू दे,
आले की मी बघते.

– कुंदामासी