तृतीयपुरुषी एकवचनी

सोमवारी फळ्यावर 'नाईफ' लिहिलं
आणि म्हटलं, यातला 'के' बोलत नाही.
"मंग वर्गमा येस काबरं?" मागच्या बाकावरून.
सगळ्या माना उज्ज्वलाकडे वळल्या.
जूनपासून ती फक्त हजेरीपुरता हात वर करते.

शाळेच्या मागे तांबट आळी.
सकाळी सातपासून पितळेवर ठोके.
सोनगीरमध्ये मुकं असं काही नाही,
या मुलांना मुकं अक्षर कसं पटावं?

मंगळवारी ओठ दाताखाली धरून
'व्हॅन' म्हणायला लावलं.
चव्वेचाळीस पोरं एकदम फुरफुरली.
खिडकीतली शेळी दचकून पळाली,
तास तिथंच संपला.

बुधवारी नियम.
ही, शी, इट आले की क्रियापदाला 'एस' लावायचा.
'शी' म्हटल्यावर जे हसू फुटलं
ते आवरायला पाच मिनिटं गेली.
मग कुंदन तांबट उठला नि वाचलं,
"आय गोज टू स्कूल."
आय गो, कुंदन.
"आय गोज."
तिसऱ्यांदा माझा आवाज चढला,
तसा तो बोटं मोडत म्हणाला,
"मॅडम, मी जास, तू जास, तो बी जास.
मंग 'आय'ले एस काबरं नही?"

खडू हातात तसाच राहिला.

धुळ्याला डीएडला असताना
वसतिगृहाच्या पायरीवर मी म्हणाले होते, "मी जेवाले जास."
नाशिकच्या दोघी आठवडाभर
एकमेकींना 'जास जास' करत होत्या.
चिंचेनं तांब्या घासावा तसा
मी तो 'स' जिभेवरून घासून काढला.
घासताना इतकी चमक आली
की आता माझं मराठी ऐकून
कुणी विचारत नाही, कुठल्या तुम्ही.

कुंदनला काय सांगितलं?
"नियम आहे, बस खाली."
तेवढंच सुचलं.

गुरुवारी इंग्रजी झालंच नाही.
वरून लिंक आली होती,
शाळेत नळ किती, त्यातले चालू किती,
ते भरत बसले.

शुक्रवारी केंद्रप्रमुख आले.
त्यांना नेमका कुंदनच दिसला.
व्हॉट डझ युवर फादर डू?
कुंदननं आधी हात उचलून हवेत हातोडी मारली,
मग शब्द शोधला,
"माय फादर बीट्स."
साहेबांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले,
"बीट्स? हूम?"
वर्ग हसला. तो नाही हसला.
"पॉट, सर. ही बीट्स पॉट.
आय बीट्स पॉट, संडे.
माय ग्रँडफादर बीट्स, नाऊ डेड."
बाहेर ठोके चालू होते,
साहेबांनी ऐकले का ते कळलं नाही.
वहीत त्यांनी लिहिलं, 'व्याकरणाकडे लक्ष द्यावे.'

आज शनिवार, सकाळची शाळा.
चाचणी तपासली.
कुंदनच्या 'आय बीट्स'मधल्या 'एस'भोवती
लाल गोल केला, अर्धा मार्क कापला.
मग पेन्सिलीनं खाली लिहिलं,
'तुझ्या घरी बरोबर आहे.'
मग वाटलं, घरी दाखवील, बाप विचारेल,
मग बरोबर का चूक?
खोडलं.
खोडलेलं दिसतंय अजून.

उज्ज्वलाचा पेपर पूर्ण बरोबर.
'नाईफ'ला 'के' आहे.
ती अजून बोललेली नाही.

फाट्यावर धुळ्याच्या गाडीची वाट बघत उभी आहे.
डंपर धूळ उडवत जातात.
मायचा फोन:
वांग्याचं भरीत केलंय, कळण्याची भाकर केलीय,
थांबू का जेवायला?
आसपास कुणी ओळखीचं नाही ना, एवढं बघितलं.
तरी आवाज खालीच आला.
"मी येस," म्हटलं.
शेजारी उभ्या कॉलेजच्या पोरीला वाटलं असेल,
बाई इंग्रजीत हो म्हणाल्या.