पावले

पानामागे साठ रुपये घेते मी.
मोडीचं देवनागरी करून देते,
कोर्टात चालेल असं.

त्या दोघा भावांना फक्त हद्द हवी होती:
पूर्वेस ओहोळ, दक्षिणेस कासारांचे शेत.
तिसऱ्याच कागदावर सापडली.
तरी रुमालाची गाठ लगेच बांधवेना.

दप्तरखान्यात पंखा बंद ठेवतात,
कागद उडतात म्हणून.
घामेजल्या तळहातावर
शाईतून सुटून वाळूचा एक कण पडला.
पत्र सुकवायला कुणी टाकलेली,
गंगेचीच असणार.

"चिरंजीव भिकोबास सटवाबाईचा आशीर्वाद.
गंगा सराफ बाजारात शिरली आहे.
घंगाळ तूर्त तुजकडेच असो दे.
माणसाहाती पाठवू नको.
पाणी ओसरले म्हणजे
न्यावयास मीच मीच येते."

लिहिणारा सराईत,
हात न उचलता ओळ संपवणारा.
"मीच" मात्र दोनदा.
चुकला असेल,
किंवा ती तसंच म्हणाली असेल.

पुढचा कागद बोटभर.
बोरू वेगळा. मिती दसऱ्यानंतरची.
"घंगाळ नग एक पावले."
सही कुणा रावजीची.

पावले, म्हणजे मिळाले.
एवढं तर शिकाऊ पोरही सांगेल.
मी मात्र ते पुन्हा पुन्हा
पावलं असंच वाचत राहिले,
चिखलातून येवल्याच्या वाटेला लागलेली.

धाकट्यानं विचारलं,
यात हद्दीचं काही आहे का?
म्हटलं, नाही.
या दोन पानांचे पैसे नकोत.