अक्षरजुळणी

मोर्शीला बस स्टँडमागं, झेरॉक्सच्या बाजूला
माझं दुकान : लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं,
जातपडताळणीचे अर्ज, संत्र्याच्या पेट्यांची लेबलं.
कादंबरी कधी आली नव्हती.

चार वह्या, दोनशेपानी,
खताच्या कंपनीचं नाव असलेल्या पिशवीत.
प्रणिता उमप, हिवरखेडची. सात वर्षं पोर्तोला
म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलत होती.
परत आली तेव्हा गावानं एवढंच विचारलं,
किती आणले?

"पानाचे कसे घेता?"
"वीस. जोडाक्षरं लई असली तं पंचवीस."
ती हसली नाही. मग हसली.

उन्हाळाभर टाईप केलं.
नायिका निरुपा. भाड्याची खोली, चौथा माळा,
कपाटात आधीच्या भाडेकरूचा काळा कोट,
खिशात किल्ली, कुठल्याच दाराला न लागणारी.
त्या माणसाला पाहिलेलं कोणी भेटत नाही,
पाववाला मान हलवतो, घरमालकीण विषय बदलते.
निरुपा मात्र लांब बाह्या मनगटावर दुमडून
कोट घालून हिंडते, आणि हिंडता हिंडता
न पाहिलेल्याच्या प्रेमात पडते.

मी नागपूरच्या पलीकडं गेलो नाही.
तरी तिथला चढ मला पाठ झाला :
बावन्न पायऱ्या, उजवीकडं निळ्या फरशांची भिंत,
मग वाळत घातलेल्या चादरी.
रात्री शटर ओढून घरी निघालो
की दमयंतीच्या पुलावर, सपाट रस्त्यावर,
माझे पाय पायऱ्या मोजायचे.
एकोणपन्नास. पन्नास.

एका पानावर नदीकाठच्या धुक्यात टिटवी ओरडते.
दुसऱ्या दिवशी विचारलं,
"तिकडं टिटवी असते का वो?"
"काय मालूम. मले ऐकू ये."

एकोणिसाव्या प्रकरणाला लाईन गेली.
इन्व्हर्टर टिकटिकत होता, पाच मिनिटं उरली होती,
वहीत होतं : तो कुठंच सापडत नाही.
मी टाईप केलं : ती कुठंच सापडत नाही.
सेव्ह केलं. पडदा काळा झाला.

प्रुफं तिनं स्टुलावर बसून वाचली, तांबडा पेन,
ऱ्हस्व-दीर्घाला दयामाया नाही.
त्या ओळीशी आली आणि पेन तसाच हवेत.
बाहेर वरुडची गाडी लागली, भरली, निघूनही गेली.
तिची होती ती गाडी.
मग पेनाला टोपण लावलं.
चौथी वही पिशवीत परत घातली.
"शेवटचं प्रकरण लावू नका अजून."

आंबियाचा माल निघाला, लेबलांची घाई सुरू झाली,
तेव्हा नवी पानं आली, पाठकोऱ्या कागदांवर.
निरुपा बाह्या कापायला कोट शिंप्याकडं नेते.
म्हातारा शिंपी चष्मा वर करतो, म्हणतो,
हा पुरुषाचा नाही, बाई. बटणं बघा, डावीकडं.
वर्षभर बटणं लावणाऱ्या निरुपाला
आपल्याच बोटांची लाज वाटते.
बाह्या न कापता ती कोट परत आणते.
किल्लीचं काय झालं ते लिहिलेलं नाही.

मी टाईप थांबवून
आधी माझ्या शर्टाची बटणं पाहिली.
उजवीकडं.

शेवटच्या दिवशी पैसे मोजता मोजता तिनं विचारलं,
"त्या ओळीत मुद्दाम केलं होतं?"
"नाही वो. बोट घसरलं."

तिनं दोन नोटा जास्तीच्या ठेवल्या. मी परत केल्या.
एक ठेवून घेतली, खरं सांगतो.

ओकार आणि दीर्घ ईकार
माझ्या कीबोर्डवर शेजारी नाहीत.
वेगळ्या ओळीत आहेत, मध्ये बरीच बटणं.
बोट एवढं लांब घसरत नाही.
हे तिला सांगितलं नाही,
आणि मग काय झालं होतं, ते मलाही